गाडी पाणी पिते तेव्हा

दसरा उलटला की कोल्हापूर-सांगलीकडच्या गॅरेजांसमोर जुन्या ट्रकांची रांग लागते. पावसाळाभर घराच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या या गाड्या. साखर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत त्यांना रस्त्यावर यायचं असतं. टायर, पाटे, क्लचप्लेट, बॅटरी ही यादी मालकाच्या खिशात तयार असते. रेडिएटर त्या यादीत सहसा नसतो. तो आठवतो डिसेंबरात. मापापेक्षा जास्त ऊस भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये फडातून रस्त्याला चढत असते, आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरतो. क्लीनर कॅन घेऊन विहिरीकडे पळतो. रात्री कारखान्याच्या आवारात रांगेत उभं राहिल्यावर पुन्हा तेच. ‘गाडी पाणी प्यायला लागली’ हे वाक्य इथून सुरू होतं, आणि बऱ्याचदा हेड उघडल्यावरच थांबतं.

या रांगेत अजूनही टाटा १२१० दिसते, पुढे नाक काढलेली. नावातले पहिले दोन आकडे भारासह गाडीचं एकूण वजन सांगतात, १२ टन. पुढचे दोन ताकद सांगतात, साधारण १०० अश्वशक्ती. १६१३ म्हणजे १६ टन आणि १३०. इंजिनाच्या नावातही असाच हिशेब आहे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यासाचा बोअर. बिडाचा ब्लॉक, बिडाचं हेड आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारे सुटे भाग, यांमुळे ही इंजिनं दोन-दोन पिढ्या टिकली. त्यांच्यापुढे उभा असलेला रेडिएटरही तितकाच टिकाऊ असू शकतो. तो तांब्या-पितळेचा आहे, उघडता येतो, साफ करता येतो, त्याचा आतला गाभा बदलून वरखालच्या टाक्या पुन्हा वापरता येतात. तरीही तो अकाली मरतो. त्याला मारणारी गोष्ट बहुतेक वेळा त्याच्यात ओतलेलं पाणीच असते.

डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा चाकांकडे जातो. तेवढाच हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो. उरलेल्यातला मोठा भाग इंजिनाच्या धातूत शिरतो आणि तिथून पाण्यात. शंभर अश्वशक्तीचं इंजिन चढावर पूर्ण ओढत असताना पन्नास किलोवॉटच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते. घरातले दोन किलोवॉटचे पंचवीस गीझर एकदम चालू ठेवावेत तेवढी. ही उष्णता हवेत सोडून देणं एवढंच रेडिएटरचं काम. ते त्याने अजिबात केलं नाही आणि सगळी उष्णता पाणी उकळवण्यातच गेली, तर मिनिटाला सव्वा लिटरहून जास्त पाण्याची वाफ होईल. दोन-तीन कॅन पाणी सोबत ठेवून घाट चढायचा बेत किती काळ पुरेल, हे या एका आकड्यावरून कळतं.

मोटारीच्या अगदी पहिल्या दिवसांत मात्र हाच प्रकार रीतसर चालायचा. कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वरून नवं ओतायचं. १८८८ साली त्याची पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरच्या त्या प्रवासात तिला वाटेत जागोजागी पाणी भरत जावं लागलं. ही अडचण नीट सोडवली विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी छेदाच्या ८,०७० नळ्या एकत्र जोडून मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि मागे पंखा ठेवला. नळ्यांतून हवा जायची, नळ्यांच्या फटींतून पाणी. हवेला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला की केवळ ९ लिटर पाण्यात काम भागलं. आज कुठल्याही गाडीच्या नाकात जो रेडिएटर आहे, तो याच कल्पनेवर उभा आहे. फक्त पाणी नळ्यांत गेलं आणि हवा बाहेर आली.

मर्सिडीजचा आणि आपल्या जुन्या ट्रकांचा संबंध दूरचा नाही. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ पर्यंत टाटांच्या ट्रकांवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. करार संपला, तारा गेला; पण इंजिनाचा घाट आणि थंड करण्याची रचना त्या घराण्यातलीच राहिली.

युरोपात या रचनेची परीक्षा थंडी घेते. इथे ती घाट घेतात. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने खुला केला तेव्हा तो बैलगाड्यांसाठी होता. पुढे त्याच चढावर डिझेलच्या गाड्या आल्या, आणि खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपासचा चढ त्यांना खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिन जोरात आणि चाकं हळू अशा अवस्थेत चढावा लागला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं वाहून पुढे जाण्याची चालकांची रीत आहे. खंबाटकी, कसारा, आंबा, कुंभार्ली, प्रत्येक घाटात उन्हाळ्याच्या दुपारी बोनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. गाडीचा वेग कमी असतो तेव्हा समोरून आपोआप येणारा वारा जवळजवळ नसतो, सगळी भिस्त पंख्यावर असते. त्यात उंचीवर पाणी लवकर उकळतं. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो.

यावरचा उपाय रेडिएटरच्या झाकणात दडलेला आहे. हे झाकण पाणी सांडू नये म्हणून लावलेलं बूच आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो दोन झडपांचा भाग आहे. एक झडप आत ठरावीक दाब धरून ठेवते. दुसरी, गाडी थंड झाल्यावर आत पोकळी झाली की बाहेरची हवा किंवा पाणी आत घेते. अर्धा बार जादा दाब धरला तरी पाणी शंभराऐवजी एकशे दहा-अकरा अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग बसली, की हा दहा अंशांचा आधार गेला. मग घाटात पाणी उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं, आणि दोष येतो रेडिएटरवर. काही शे रुपयांच्या झाकणापायी काही हजारांचा रेडिएटर उतरवला जातो, ही गोष्ट गॅरेजांत वारंवार घडते. म्हणून तपासणी झाकणापासून सुरू करायची.

तपासणीला एक क्रम आहे आणि चांगला मिस्त्री तो मोडत नाही. गाडी फक्त चढावर किंवा उभ्या-उभ्या तापते का? तर आधी पंखा आणि पट्टा. सैल पट्टा घसरला की पंखा आणि पाण्याचा पंप, ज्याला मिस्त्री ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, दोन्ही एकदम मंदावतात. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत काढून ठेवलेलं असतं आणि पुन्हा लावलेलं नसतं. ते नसेल तर पंखा समोरची हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो. सपाट रस्त्यावर वेगात असतानाही गाडी तापते का? मग पाणी कुठेतरी अडतं आहे. खालचा होज पाइप मऊ पडला असेल तर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. इंजिन बंद केल्यावर तो पुन्हा फुगतो, त्यामुळे उभ्या गाडीत हा दोष सापडतच नाही. कुणीतरी एक्सिलेटर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने खाली बघायचं.

रेडिएटर आतून तुंबला आहे की नाही हे हाताला कळतं. गाडी तापवून इंजिन बंद करायचं, पंखा थांबला याची खात्री करायची आणि पुढून रेडिएटरवर जपून हात फिरवायचा. वरून खाली येताना उष्णता हळूहळू कमी झाली पाहिजे. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही.

सगळ्यांत वाईट बातमी सकाळी मिळते. थंड इंजिन चालू करायचं, झाकण उघडंच ठेवायचं आणि वरच्या टाकीत बघायचं. लगेच बुडबुडे सतत येऊ लागले तर ती हवा नसून सिलिंडरमधला वायू आहे. हेड गॅसकेट गेलेलं आहे, किंवा हेडला चीर आहे. पाण्यावर तेलाची साय दिसली, किंवा ऑइलच्या कांडीवर दुधट फेस दिसला, तरी निदान याच दिशेचं. अशा गाडीला नवा रेडिएटर बसवला तर तो आठवड्यात पुन्हा उकळेल. ब्रेक धरून राहिलेले असणं, डिझेल पंपाचं टायमिंग उशिरावर असणं, आणि अर्थातच जादा भार, हीसुद्धा तापण्याची कारणं आहेत आणि यांतलं एकही रेडिएटर बदलून जात नाही.

याच ठिकाणी एका जुन्या सवयीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा, ही आपल्याकडची सर्वमान्य ‘दुरुस्ती’ आहे. थर्मोस्टॅट पाणी ऐंशी अंशांच्या आसपास जाईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. तो अडकला तर गाडी तापते हे खरं, आणि अडकलेला काढायलाच हवा. पण जागा रिकामी ठेवली तर हिवाळ्याच्या पहाटे इंजिन तासभर थंडच पळतं. थंड लायनरच्या भिंतीवर डिझेलमधल्या गंधकाची आम्लं जमतात, रिंगा झिजतात, ऑइल खराब होतं. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत जातो. तो नसला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटता परत इंजिनात फिरतो, आणि ज्या घाटासाठी थर्मोस्टॅट काढला त्याच घाटात गाडी आणखी तापते. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून तो उघडतो की नाही हे पाच मिनिटांत बघता येतं. खराब असेल तर नवा बसवावा. रिकामी जागा हा उपाय नाही.

हळदीचंही तसंच. रेडिएटर गळू लागला की वाटेतल्या किराणा दुकानातून हळदपूड घ्यायची आणि टाकीत ओतायची, हे देशभरच्या चालकांना ठाऊक आहे. बारीक छिद्रात हळदीचे कण फुगून बसतात आणि गळती थांबते. आडरानात रात्र काढण्यापेक्षा हे बरं, यात शंका नाही. पण गावी पोहोचल्यावर ते पाणी काढून रेडिएटर धुतला पाहिजे, कारण हळदीला गळकी नळी आणि चांगली नळी यांतला फरक कळत नाही.

आता पाण्याकडे यायला हवं. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. अनेक गावांचं बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. हे पाणी तापलं की विरघळलेला क्षार चुन्यासारखा होऊन धातूवर बसतो. गरम पाण्याच्या बंबात बसतो तोच हा थर. उष्णता वाहून नेण्यात तो तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कच्चा आहे, त्यामुळे नळीत कागदाएवढी साल धरली तरी रेडिएटरची ताकद घटते.

एकदा भरलेल्या पाण्यात क्षार असतो तेवढाच असतो. तो बसला की संपला. संकट वाढतं ते रोज वरून भरण्याने. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार आत राहतो, आणि नवं पाणी नवा क्षार आणतं. लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षाराचं पाणी रोज दहा लिटर भरलं, तर दीडशे दिवसांच्या हंगामात सहाशे ग्रॅम क्षार त्या इंजिनात ओतला गेला. सगळाच तिथे बसत नाही, पण रेडिएटरच्या नळीची आतली फट काही मिलिमीटरचीच असते. होजच्या क्लिपपाशी थेंब-थेंब गळणारी गाडी म्हणून किरकोळ समजू नये. ती क्लिप आवळली असती तर गाभा वाचला असता. किनारपट्टीला क्षाराची जात बदलते. तिथल्या मचूळ पाण्यातलं मीठ पितळेतलं जस्त काढून नेतं, नळी आतून ठिसूळ होते आणि एक दिवस एकदम अनेक ठिकाणी फुटते.

कूलंट म्हणजे थंड प्रदेशातलं पाणी गोठू नये म्हणून घालायचं औषध, आपल्याला त्याचा काय उपयोग, हा समज इथूनच खोडावा. ग्लायकोल गोठणं टाळतो हे खरं, उकळणंही काही अंश लांबवतो. पण त्याच्याबरोबरची गंजरोधक रसायनं हा आपल्यासाठी मुख्य लाभ. बिडाचा ब्लॉक गंजत नाही, तो गंज रेडिएटरच्या नळीत येऊन अडकत नाही, लायनरच्या बाहेरच्या भिंतीला कंपनांमुळे खड्डे पडणं कमी होतं. जुन्या गाडीसाठी तांबे-पितळेच्या रेडिएटरला चालेल असं डब्यावर लिहिलेलं कूलंट घ्यावं आणि ते बॅटरीत घालतात तसल्या क्षारमुक्त पाण्यात मिसळावं. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी प्यायलेल्या गाडीत कूलंट भरल्यावर कधीकधी गळती सुरू होते. कूलंटने नळी फोडलेली नसते, गंजाने बुजलेलं छिद्र मोकळं झालेलं असतं. आधी रेडिएटर आणि ब्लॉक धुवून मग कूलंट, हा क्रम ठेवला तर हा घोळ होत नाही. काढलेलं कूलंट गटारात किंवा उघड्यावर ओतू नये. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं, जनावरं ते चाटतात.

बाहेरचा शत्रू ऊसवाल्यांच्या खास ओळखीचा आहे. पाचटाचा भुसा, फडातली धूळ, रात्री दिव्यावर आलेले किडे, हे सगळं रेडिएटरच्या फिनांत, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत, जाऊन बसतं. त्यात इंजिनाचं ऑइल उडालेलं असेल तर त्याचा थर पुट्टीसारखा घट्ट होतो. पुढून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, कचरा आत अडकलेला असतो. तो काढायचा तर हवा किंवा पाणी मागून पुढे, म्हणजे पंख्याच्या बाजूने बाहेर मारायचं, आणि तेही बेताच्या दाबाने. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने तांब्याच्या पातळ फिना आडव्या होतात आणि उरलेली वाटही बंद होते. हंगामात दर पंधरवड्याला हे काम क्लीनरने केलं तरी अनेक गाड्यांचं तापणं थांबेल.

एवढं सगळं तपासून झाल्यावर रेडिएटरच दोषी ठरला, तर तो उतरवायचा. खालच्या टाकीची कॉक उघडून पाणी काढायचं, दोन्ही होज सोडायचे, पुढची ग्रिल आणि पंख्याचं कडं काढायचं, बाजूचे बोल्ट सोडून तो उचलायचा. खालची रबरं जपून ठेवायची किंवा नवी घ्यायची. ती गेली की चासीचा प्रत्येक हादरा थेट डाखांवर येतो, आणि नव्या कामाला महिन्याभरात चीर पडते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कराडला, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, कळंबोलीला, ट्रक जिथे थांबतात तिथे रेडिएटरवाल्याचं दुकान असतंच. सिमेंटचा हौद, गॅसची बत्ती, डाखाच्या कांड्या आणि भिंतीला टेकवलेले दहा-वीस गाभे. गाभ्याला इथे ‘जाळी’ म्हणतात. आधी रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करून आत हवा भरायची आणि तो हौदात बुडवायचा. बुडबुडे जिथून येतील तिथे खूण. मग वरची टाकी उघडायची. बत्तीची ज्योत कडेने फिरवत नेली की डाख वितळतो, ओल्या फडक्याने किंवा ब्रशाने तो पुसत जायचा, आणि टाकी अलगद सुटते. कथील आणि शिशाचा हा मिश्रधातू १८३ अंशांना वितळू लागतो. पितळ वितळायला नऊशेच्या वर आणि तांबं १,०८५ अंशांना. हे अंतर आहे म्हणूनच तांब्या-पितळेचा रेडिएटर पुन्हा पुन्हा उघडता आणि मिटवता येतो. ज्योत एका जागी जास्त रेंगाळली तर शेजारची सांधणूक सुटते, म्हणून हात सतत फिरता ठेवावा लागतो. हे कसब यायला वर्षं जातात.

टाकी निघाली की नळ्यांची तोंडं दिसतात. निरोगी गाभ्यात ती काळसर, मोकळी असतात. विहिरीचं पाणी प्यायलेल्या गाभ्यात पांढरी-तांबूस साल त्यांच्यावर आलेली असते. पातळ पोलादी पट्टी एकेका नळीत घालून पार खालपर्यंत नेतात. जोर केला तर पट्टी नळीची भिंत फाडते. साल फार घट्ट असेल तर गाभा कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवून मग धुतात. फुटलेली नळी बाहेरून दिसत असेल तर तिला डाख देतात. आतल्या ओळीत असेल तर तिची दोन्ही तोंडं बुजवून ती बाद करतात. अशा एक-दोन नळ्या बाद झाल्या तर गाडीला फरक पडत नाही. प्रत्येक हंगामात आणखी चार बाद होत असतील तर मात्र तो गाभा संपला आहे, त्यावर पुन्हा मजुरी घालू नये.

डाख धरण्याआधी धातू स्वच्छ लागतो. तांब्यावर ऑक्साइडची साय असेल तर कथील त्यावर पसरतच नाही. कल्हईवाला नवसागर टाकतो तो याचसाठी, आणि रेडिएटरवाला जस्त विरघळवलेलं तेजाब लावतो तेही याचसाठी. पुण्याच्या तांबट आळीत पातेल्याला कल्हई होते आणि ट्रान्सपोर्टनगरीत नळीला डाख लागतो, त्यामागचं रसायन एकच आहे. काम झाल्यावर हे तेजाब भरपूर पाण्याने धुवायचं. ते राहिलं तर सांधा हिरवा पडतो, कळकतो, आणि सहा महिन्यांत तिथूनच गळतो.

नवा गाभा घालायचा ठरला तर व्यवहार डोळसपणे करावा. ‘तीन लाइनच्या जागी चार लाइन घाला, गाडी बर्फ राहील’ असा सल्ला मिळतो. चौथ्या ओळीला पोहोचणारी हवा आधीच्या तीन ओळींनी तापवलेली असते, त्यामुळे लाभ होतो पण ओळींच्या प्रमाणात होत नाही, आणि गाभा जाड झाल्याने पंख्याला हवा ओढायला जास्त कष्ट पडतात. फिना दाट घेतल्या तर पाचट लवकर अडकतं. मूळ मापाचा, जाड पत्र्याच्या नळ्यांचा गाभा बहुतेक वेळा पुरतो. तांब्याचा भाव मोठा असल्यामुळे पातळ नळ्या आणि विरळ फिनांचा हलका माल त्याच रंगात विकला जातो. गाभा वजन करून घ्यावा आणि वजन बिलावर लिहून घ्यावं. जुना गाभा मालकाचा असतो. त्याची मोड बिलातून वजा झाली की नाही तेही बघावं.

१९८० नंतर जगभर मोटारींचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे होत गेले आणि मग ट्रकांचेही. ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून हलकं आणि स्वस्त, त्यात शिसं नाही. नळ्या-फिना भट्टीत एकत्र सांधतात, वर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या दाबून बसवतात. चांगल्या कूलंटवर हे रेडिएटर उत्तम काम करतात, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. बीएस-सहा या प्रदूषण-मानकाच्या अनेक डिझेल इंजिनांत धुराचा काही भाग पाण्याने थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडतात, त्या जादा उष्णतेचा भारही असे रेडिएटर उचलतात. पण ते दुरुस्तीसाठी बनवलेले नाहीत. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइड धरतं, साधा डाख त्याला चिकटत नाही. टाकी तडकली तर बहुधा आख्खा रेडिएटर बदलावा लागतो. ज्या कॉस्टिकने तांब्याचा गाभा साफ होतो तेच कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतं, हे जुन्या कारागिरांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायला हवं. जुन्या ट्रकात मूळ मापाचा तांब्याचा रेडिएटर दुरुस्त होण्याजोगा असेल तर तोच करावा. टाक्या गंजून गेल्या असतील किंवा गाभ्याचा खर्च तयार रेडिएटरच्या जवळ जात असेल तर नवा घ्यावा, आणि मग त्या गाडीत पुन्हा विहिरीचं पाणी भरू नये.

चालकांसाठी दोन गोष्टी. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये, फडकं धरूनही नाही. आत शंभर अंशांच्या वर दाबाखाली असलेलं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन चेहऱ्यावर आणि हातांवर येतं, आणि ती भाजण्याची जखम फार खोल जाते. गाडी बाजूला घेऊन इंजिन निवू द्यावं, अर्धा तास गेला तरी चालेल. दुसरं, कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. बिडाच्या हेडला तडा जायला तेवढं पुरतं. इंजिन निवल्यावर ते मंद चालू ठेवून हळूहळू भरावं.

शेवटचा विषय त्या दुकानात बत्ती धरून बसलेल्या माणसाचा. डाखात निम्म्याहून जास्त शिसं असू शकतं. ज्योत गरजेपेक्षा तापली की शिशाचा धूर निघतो. जुना डाख घासताना, झटकताना त्याची भुकटी उडते, हाताला लागते, आणि त्याच हाताने भाकरी खाल्ली की पोटात जाते. तंबाखू मळली तरी जाते. कपड्यांवरून ती घरी पोहोचते आणि लहान मुलांच्या अंगात शिरते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, रक्त कमी होणं, मनगटातली ताकद जाणं ही शिसेबाधेची लक्षणं. ॲसिडिटी आणि अशक्तपणा म्हणून त्यांवर वर्षानुवर्षं भलतीच औषधं चालतात. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून काही माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९४८ च्या कारखाने कायद्याने शिसेबाधा नोंद करण्याजोग्या रोगांच्या यादीत घातली, पण दोन-तीन माणसांच्या दुकानापर्यंत तो कायदा कधी पोहोचलाच नाही.

इथे करायच्या गोष्टी महाग नाहीत. धूर तोंडासमोरून बाहेर ओढणारा पंखा, कामाचे वेगळे कपडे, जेवणाआधी साबणाने हात-तोंड धुणं, दुकानात न जेवणं, झाडू न मारता ओल्या फडक्याने भुकटी पुसणं. ट्रकमालक संघटना आणि साखर कारखाने हंगामाच्या तोंडावर आरोग्य शिबिरं भरवतात तेव्हा तालुक्यातल्या रेडिएटरवाल्यांना आणि त्यांच्या हाताखालच्या मुलांना नाव घेऊन बोलवावं आणि त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यावं. या तपासणीला रक्ताचा एक नमुना पुरतो.